दोन संध्याकाळींचा पाहुणचार

जेरुसलेम
५ मार्च २०१९

महोदय,

सोमवार, ४ मार्च, संध्याकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटं. जागा, शहराच्या पश्चिमेकडच्या एका हॉटेलचं तळमजल्यावरचं दालन. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेदिक्ता आम्हाला शिकवायच्या की तक्रार लिहिताना तारीख आणि वेळ आधी लिहावी, राग मागून येतोच. तारीख आणि वेळ लिहून झाली.

हे पत्र आपल्याआधी कार्यालयातलं कुणीतरी उघडणार आणि ते कुणीतरी माझ्या निवृत्तीनंतर नोकरीला लागलेलं असणार. म्हणून माझी ओळख लिहिते. मी हेनरिएत सल्फीती. आपल्या सरकारच्या जेरुसलेममधल्या वकिलातीत, म्हणजे कॉन्सुलच्या कार्यालयात, चाळीस वर्षं शिष्टाचार विभाग मी सांभाळला. विभाग म्हणजे मी, एक टाइपरायटर आणि एक खिडकी. परराष्ट्र खात्याचे आजचे सचिव, म्हणजे आपण, तरुणपणी त्याच खिडकीशी उभे राहून माझ्याकडून आमच्या भाषेतल्या शिव्या शिकलात. उच्चार शेवटपर्यंत वाईटच राहिले.

आता त्या उघडणाऱ्यासाठी आणखी थोडं. आपल्या देशाचा राष्ट्रदिन या शहरात दोनदा साजरा होतो. पहिल्या संध्याकाळी पश्चिमेला, ज्यू वस्तीत, दुसऱ्या संध्याकाळी पूर्वेला, आमच्या अरब वस्तीत, शेख जर्राहमधल्या वकिलातीच्या बागेत. भाषण तेच, चीज तेच, पाहुणे वेगळे. हा वेडेपणा नाही. आपलं सरकार सत्तर वर्षं एकच गोष्ट सांगत आलं आहे की हे शहर कुणाचं ते इथल्या दोघांनी बसून ठरवावं, आणि ते ठरेपर्यंत आम्ही त्यांतल्या एकाच्याच घरी उतरल्यासारखे वागणार नाही. म्हणून इथली वकिलात समुद्रकाठच्या शहरातल्या आपल्या दूतावासाच्या हाताखाली नाही. म्हणून इथला कॉन्सुल कुणाही राष्ट्रपतीसमोर आपल्या नेमणुकीची कागदपत्रं घेऊन उभा राहत नाही. आणि म्हणून आपल्या खात्याकडून इथे येणाऱ्या पाकिटावर रस्ता असतो, शहर असतं, आणि शहराखाली काही नसतं. देशाचं नाव लिहायची ती जागा चाळीस वर्षं मी रिकामी पाहिली आहे. त्या रिकाम्या जागेचा मला अभिमान होता. पगार फार नव्हता.

काल संध्याकाळी एकच समारंभ झाला, पश्चिमेला. दोन्ही बाजूंच्या लोकांना एकत्र बोलावलं होतं. निमंत्रण वाचून मला वाटलं, छपाईची चूक असेल. मी गेले. दारात आपल्या नव्या कॉन्सुल, क्लारा लिंडबाई, पाहुण्यांचे हात हातात घेत होत्या आणि त्यांच्या शेजारी, घरच्या माणसासारखे, पश्चिमेकडच्या सरकारचे एक उपमंत्री उभे राहून तेच करत होते. आमच्या बाजूचे पाहुणे दारापर्यंत आले आणि फिरले. सिस्टर बेनेदिक्ता आता नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांची चाकांची खुर्ची ढकलणाऱ्या मुलीला त्या म्हणाल्या, "वळव." एवढंच म्हणाल्या. मी तोवर आत शिरले होते, हातात संत्र्याचा रस होता. मग लिंडबाईंचं भाषण झालं आणि त्यात त्या म्हणाल्या, "या देशाच्या राजधानीत तुमचं स्वागत करताना." मी ग्लास उपमंत्र्यांच्या हातात दिला आणि बाहेर आले. त्यांना वाटलं असावं, म्हातारीला वेटर ओळखता आला नाही.

हे आपल्याला कळलेलं नाही, असं मी धरून चालते. कळलं असतं तर घडलं नसतं. लिंडबाई नव्या आहेत, त्यांना कुणी सांगितलं नसेल. आपण सांगावं.

आपली,
हेनरिएत सल्फीती


२१ मार्च

एमिल,

तुझ्या कार्यालयाचं उत्तर मिळालं. "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत." मी काय साबणाबद्दल लिहिलं होतं का?

'आपण' आणि 'महोदय' पुरे झालं. तू सचिव झाल्यापासून नाताळचं कार्ड छापील येतं आणि खालची सहीसुद्धा छापील असते. म्हणून मीही छापील भाषेत सुरुवात केली होती. जमलं नाही.

त्सिपोराचा फोन आला होता. त्सिपोरा तुला आठवते, पश्चिमेकडची फुलवाली, जी तुला प्रत्येक वेळी विचारायची की एवढा हाडकुळा माणूस बाहेरदेशी पाठवतात म्हणजे तुमच्याकडे दुष्काळ आहे का. तिने दुकान आता सुनेला दिलंय, पण राष्ट्रदिनाची फुलं अजून तीच लावते. म्हणाली, "हेनरिएत, ही काय तऱ्हा? फुलं हॉटेलनेच मागवली म्हणे. कागदाची असावीत तशी फुलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्यायलाच आली नाही. मी आपली, निदान पूर्वेला तरी माझी लागतील म्हणून, बादल्या भरून बसले."

तुला हे ठाऊक आहे, पण तुझ्या हिशेबतपासनिसांना नसेल. चाळीस वर्षं पश्चिमेच्या संध्याकाळी मांडलेली तिची लाल अॅनिमोनची फुलं दुसऱ्या सकाळी वकिलातीची गाडी उचलायची, पाण्यात ठेवून पूर्वेला आणायची, आणि तीच आमच्या बागेत मांडली जायची. चीजही तसंच. पश्चिमेला उरलेलं आम्ही पूर्वेला खायचो आणि बिशपसाहेब दरवर्षी म्हणायचे, यंदाचं चीज जरा जास्तच मुरलंय. एकच समारंभ खर्च वाचवायला केला असेल, तर तो आम्ही केव्हापासून वाचवत होतो. कुणाला सांगत नव्हतो, कारण पाहुण्याला अशा गोष्टी सांगत नाहीत.

"मला हे सांग," त्सिपोरा म्हणाली, "मी तुमच्या पार्टीला इतकी वर्षं का येत होते? माझ्या सरकारचे मंत्री मला टीव्हीवर रोज दिसतात, फुकट. मी येत होते कारण त्या एका खोलीत कुणी असं बोलायचं नाही की सगळं ठरून गेलंय. मला वाटायचं, चला, अजून कुणीतरी वाट बघतंय." मग म्हणाली, "तुझ्या त्या हाडकुळ्याला कळव."

कळवलं.

आणि आता मी तुला एक संध्याकाळ आठवून देणार आहे. तू चिडशील, पण वाच.

साल एकोणनव्वद. शहरात रोज हरताळ, दुपारी दुकानं बंद, रात्री कुणाच्या दारावर थाप पडेल सांगता यायचं नाही. कॉन्सुल हेल्विगबाई पित्ताशय काढायला इस्पितळात होत्या. त्या बाईंना मी देवमाणूस म्हणत नाही, फार सिगारेटी ओढायच्या, पण एकदा रेडिओवाल्याने त्यांना थेट विचारलं की तुम्ही आत्ता कोणत्या देशात आहात, तर त्या म्हणाल्या, "मी आत्ता कामावर आहे." अशा बाईच्या जागी त्या वर्षी तू यजमान होतास. तिशीही आली नव्हती. कोट मागच्या कॉन्सुलचा, बाह्या लांब.

पूर्वेची संध्याकाळ. बाग भरलेली. आणि फाटकाशी पोलिसांचा एक बडा अधिकारी आला, गणवेशात, हातात गुच्छ. न बोलावता. म्हणे, राष्ट्रदिनाच्या शुभेच्छा द्यायच्या आहेत. मी धावत तुझ्याकडे आले. आत घेतला तर बागेतले सगळे मागच्या दाराने निघून जातील, कारण त्यांतल्या निम्म्यांचे मुलगे त्याच्याच कोठडीत होते. हाकलला तर सकाळी वर्तमानपत्रात.

तू विचारलंस, "हेनरिएत, नियम काय?"

मी म्हटलं, "तो आत यायचा नाही."

"आणि बाहेर? बाहेर त्याचं काय करायचं ते नियमात आहे?"

"नाही."

"मग झालं."

तू वेटरच्या हातातला ट्रे घेतलास, त्यावर रस, समोसे, दोन नॅपकिन, आणि फाटकाबाहेर फुटपाथवर जाऊन त्या माणसासमोर उभा राहिलास. मी फाटकाच्या आत होते, सगळं ऐकलं. तो म्हणाला, "तुम्ही मला दारात उभं केलंत." तू म्हणालास, "साहेब, मीही दारातच उभा आहे." तो म्हणाला, "तुमची पार्टी आत चाललीये." तू म्हणालास, "यजमान इथे आहे. म्हणजे पार्टी इथे आहे." मग वकिलातीच्या घराची मालकीण उम्म नाएल मागच्या खोलीतून आपला स्टूल घेऊन गेली. फुटपाथवर ठेवून त्या अधिकाऱ्याला म्हणाली, "बस रे बाबा, बुटांत पाय सुजतील. आत मात्र येऊ नकोस." आणि तो बसला. त्याने समोसे खाल्ले, तुझ्या राजाच्या तब्येतीची चौकशी केली, तू त्याच्या मुलीच्या परीक्षेची केलीस. बराच वेळ. जाताना तो म्हणाला, "बाहेर ठेवलंत, पण उपाशी नाही ठेवलंत." आणि हसला.

तू आत आलास तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाहुण्यांतले सगळ्यांत वयस्कर, आमच्या गल्लीचे डॉक्टर, उठून उभे राहिले आणि त्यांनी तुला आपली खुर्ची दिली. तुला ते तेव्हा कळलं नव्हतं. आमच्याकडे वयाने मोठा माणूस लहानाला खुर्ची देत नाही.

फुटपाथवर ट्रे धरून उभ्या असलेल्या तुझा तो फोटो माझ्या भिंतीवर आहे. सरकारची भूमिका म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी तो दाखवते. नाही म्हणायचं, पण हातात ट्रे घेऊन.

तुझ्या नव्या कॉन्सुलला ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

हेनरिएत


९ एप्रिल

एमिल,

तुझी नवी कॉन्सुल माझ्याकडे येऊन गेली. चॉकलेटचा डबा घेऊन, रविवारी, मी मिसा आटपून येते न येते तोच. ती आमची भाषा पुस्तकातून शिकली आहे. मला 'सित्त', म्हणजे बाईसाहेब, म्हणते आणि बोलते तेव्हा वाटतं, कुणी रेडिओवर बातम्या लावल्यात.

"आपला मजवर रोष आहे, हे मी जाणते," ती दारातच म्हणाली.

"रोष नाही," मी म्हटलं, "राग आहे. रोष श्रीमंतांना येतो. आत या."

"बसू?"

"खुर्ची तिथे आहे. बसायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुमच्या सरकारचं हल्ली पटकन ठरतं."

ती बसली. पोर धीट आहे, एवढं मी मान्य करते. म्हणाली, बोलणी खायलाच आले आहे, पण आधी कॉफी मिळाली तर बरं. मी वेलदोडा घालून कॉफी केली आणि तिला ती पिऊ दिली. मग विचारलं, "तो शब्द तुमच्या तोंडात आला कुठून?"

"कोणता?"

"राजधानी."

तिने कप बशीत ठेवला. "तो मी घातला नव्हता. माझ्या मसुद्यात 'या शहरात' असं होतं. भाषण वरून परत आलं तेव्हा त्यात तो होता. एकच समारंभ करायचा हेही वरूनच आलं. मी दोनदा फोन केला, सित्त हेनरिएत. म्हटलं, इथली पद्धत वेगळी आहे. म्हणाले, पद्धती बदलतात."

"वरून म्हणजे? देवाने सांगितलं?"

तिने भिंतीकडे पाहिलं. मी तिची नजर कुठे थांबली ते पाहिलं आणि मला वाटलं, तिला फोटो आवडला. मग मला समजलं.

"ते आहेत ते?" तिने विचारलं. "ट्रे घेतलेले?"

"हो."

"खूप तरुण आहेत."

मी आणखी एक कप कॉफी केली. ती कशी झाली होती आठवत नाही. मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. मला वाटतं, चॉकलेट त्यासाठी होतं. शेख जर्राहचं घर वकिलात जूनअखेर सोडणार आहे. भाडेकरार पुन्हा करायचा नाही. वकिलातीला दूतावासाच्या इमारतीत अर्धा मजला मिळेल. तोही आदेश तुझ्याच सहीचा.

"उम्म नाएलला सांगितलंत?" मी विचारलं.

"मला वाटलं, ते तुम्ही सांगाल."

"मी निवृत्त आहे."

"हो," ती म्हणाली, आता पुस्तकी नाही, अगदी साध्या भाषेत, "पण मला भीती वाटते."

एमिल, मी मार्चमध्ये तुला लिहिलं की तुला ठाऊक असतं तर हे घडलं नसतं. ते वाक्य मी मागे घेत नाही. सिस्टर बेनेदिक्ता म्हणायच्या, शाईने लिहिलेलं खोडायचं नाही, त्याच्यापुढे खरं लिहायचं. तर पुढचं खरं असं.

उम्म नाएलच्या शेजारच्या घराला मागच्या हिवाळ्यात कुलूप लागलं. तिथले लोक तू ओळखत होतास, त्यांच्या लिंबाच्या झाडावरून तू भिंतीवरून हात घालून लिंबं चोरायचास. त्यांचं सामान फुटपाथवर पडलं, गाद्या, शिवणयंत्र, फ्रिज, आणि त्यावर दोन दिवस पाऊस. जुन्या कागदांच्या आधारे पश्चिमेकडच्या एका संस्थेने घरावर हक्क सांगितला, कोर्टाने मानला. त्याच संस्थेने तसाच दावा उम्म नाएलच्या घरावरही लावला आहे. तो बहात्तर सालापासून तारखांवर तारखा घेत पडून आहे. का पडून आहे ते गल्लीतल्या पोरांनाही कळतं. वरच्या मजल्यावर आणि बागेत भाडेकरू म्हणून एक परकं सरकार राहतं, फाटकावर त्याची पितळी पाटी आहे, आणि त्या पाटीशी बेलिफ पाठवायला कुणी न्यायाधीश राजी नाही. उम्म नाएल चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती मागच्या खोलीत झोपते, तिच्या डोक्यावरचं छप्पर तुझ्या पाटीला टांगलेलं आहे. तू जूनअखेर ती पाटी काढलीस की जुलैत तिची गादी फुटपाथवर.

तुझ्या कागदांत हे नसेल. तिथे 'जागेची बचत' असं असेल.

तू हे जाणून केलंस की न जाणता, ते मला ठरवता येत नाही. जाणून केलं असशील तर मी इतकी वर्षं भिंतीवर कुणा दुसऱ्याचा फोटो लावला आहे. फोटो अजून उतरवलेला नाही.

हे.


१२ एप्रिल

एमिल,

तू फोन केलास. मी घरातच होते, उचलला नाही. फोनवर माणूस काहीही बोलतो आणि नंतर म्हणतो, माझा तसा अर्थ नव्हता. तुमच्या खात्यात तर तो कामाचाच भाग आहे. लिही.

निरोप मात्र ऐकला. दोनदा. "गोष्टी इतक्या सरळ नसतात, हेनरिएत." सरळ होत्या असं मी कधी म्हटलं? सरळ असत्या तर दोन पार्ट्या लागल्या नसत्या.

तुझा आवाज म्हातारा झालाय. काळजी घे.

हे.


२७ एप्रिल, पूर्वेकडच्या चर्चच्या ईस्टरचा आदला दिवस

एमिल,

हे पत्र टपालाने येत नाहीये. ते तुझ्या हातात देणारी बाई तुझ्या टेबलासमोर उभी असेल. तिला आधी बस म्हण. क्लारा उद्या विमानात बसते आहे, स्वतःच्या रजेवर आणि स्वतःच्या तिकिटावर. बढतीची यादी तुमच्याकडे जूनमध्ये निघते, हे तिला ठाऊक आहे. मी आठवण करून दिली. म्हणाली, "सित्त हेनरिएत, मी ट्रे घेऊन उभी तर राहीन, पुढचं पुढे." तिची भाषा सुधारते आहे.

मी उम्म नाएलला सांगितलं. तीन आठवडे टाळलं, मग काल गेले. ती अंगणात बसून ईस्टरच्या मामूलच्या बिस्किटांसाठी खजूर कुस्करत होती. ती मुसलमान, मामूल करते माझ्यासाठी, आणि रमजानच्या ईदला मी करते तिच्यासाठी. दोघींच्याही मते दुसरीला येत नाही. मी सगळं सांगितलं. पाटी, करार, जून, कोर्ट. तिने खजूर कुस्करणं थांबवलं नाही.

"पाटी काढली की भिंतीला भोकं पडणार," ती म्हणाली. "ती कोण बुजवणार?"

"उम्म नाएल, भोकांचं काय घेऊन बसलीस?"

"मग कशाचं घेऊन बसू? घराचं घेऊन मी बहात्तर सालापासून बसले आहे." मग तिने विचारलं, "तो ट्रेवाला पोरगा अजून नोकरीत आहे ना?"

"अगं, तोच तर पाटी काढतोय."

"छे."

"त्याची सही आहे."

"मग त्याला कुणी नीट सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "त्या रात्री सगळे गेले, तू गेलीस, वेटर गेले. तो पोरगा माझा स्टूल फुटपाथवरून उचलून आत घेऊन आला. नुसता आणला नाही, पुसला. म्हणाला, मावशी, कुठे ठेवू. मी म्हटलं, ठेव तिथेच. तर म्हणे नाही, जिथून उचललात तिथे ठेवतो. जो माणूस दुसऱ्याचा स्टूल जागेवर ठेवतो, तो घर रस्त्यावर टाकत नाही. तू त्याला लिही."

मी म्हटलं, लिहिते आहे, मार्चपासून तेच करते आहे.

"रागाने लिहिलं असशील. तुला दुसरं येतंय काय. नन्सनी बिघडवलंय तुला."

हे मला माहीत नव्हतं, एमिल, स्टूलचं. इतकी वर्षं मी तुझं कौतुक केलं ते फुटपाथवर काय झालं त्यासाठी. पाहुणे बघत होते, मी बघत होते, कुणी फोटो काढत होतं. नंतरचं कुणीच बघत नव्हतं, आणि तू तेव्हाही तसाच होतास. म्हणून मी आज रागाने लिहीत नाहीये. फोटो भिंतीवरच आहे. काचेवरची धूळ पुसली.

आता ठरलेलं ऐक. येत्या शनिवारी, ४ मे रोजी, राष्ट्रदिनानंतर बरोबर दोन महिन्यांनी, त्या बागेत दुसरी संध्याकाळ होणार आहे. रमजान त्यानंतर दोन दिवसांनी लागतो, म्हणजे सगळ्यांना खाता येईल. निमंत्रणं माझ्या नावाने गेली आहेत, हाताने लिहून. बिशप येणार, डॉक्टरांचा मुलगा येणार, सिस्टर बेनेदिक्ता येणार, त्यांनी निरोप धाडलाय की या वेळी खुर्ची वळवायला लावू नका. त्सिपोराची फुलं येणार. ती म्हणाली, गाडी नाही तर मी स्वतः आणते, फाटकाबाहेर थांबेन आणि बादल्या आत देईन. उम्म नाएलने ते ऐकलं आणि म्हणाली, "बाहेर का? ती काय पोलीस आहे? चाळीस वर्षं तिची फुलं माझ्या घरात येतात, तिलाच तेवढं दार नाही का?" तेव्हा त्सिपोरा आत येणार. आयुष्यात पहिल्यांदा. सकाळपासून मला फोन करून विचारते आहे, काय घालू.

भाषण हेल्विगबाईंचंच वाचणार, पिवळं पडलंय, पण बदलण्यासारखं त्यात काही नाही. यजमानाची जागा मी रिकामी ठेवणार आहे. मी नोकर होते, यजमान नव्हते, माझी पायरी मला कळते. तिथे क्लाराने उभं राहायचं की कुणीच नाही, हे तुझ्या हातात आहे.

मला तुझ्याकडून काय हवं आहे ते नीट लिहिते, म्हणजे कुणाला अर्थ लावत बसायला नको. शेख जर्राहच्या घराचा करार पुढे चालू ठेवायचा आणि पाटी जिथे आहे तिथे राहू द्यायची. राजधानी वगैरे शब्द मार्चमध्ये एकदा तोंडातून गेला, तो मी विसरायला तयार आहे. म्हातारपणी एवढी सोय असते. पण घराचं विसरता येणार नाही, कारण मी रोज त्या रस्त्याने जाते.

तू म्हणशील, आता सगळी सरकारं आपापले दूतावास इथे हलवण्याच्या गोष्टी करतायत, जग बदललं, एका छोट्या देशाच्या एका पाटीने काय होतं. मला नाही माहीत काय होतं. मला एवढं माहीत आहे की त्या पाटीमागे एक म्हातारी झोपते, आणि शहराच्या पलीकडच्या टोकाला दुसरी म्हातारी बादल्या भरून बसते, कारण तुम्ही कधीतरी म्हणाला होतात की आम्ही थांबू. तुम्ही ते बोललात आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवून इथेच म्हाताऱ्या झालो.

उत्तर लेखी हवं. टाइप केलेलं चालेल, सही हाताची हवी, छापील नको. एक तारखेला तुमच्याकडे सुट्टी असते, ती मी धरलेली आहे. क्लाराचं परतीचं विमान शुक्रवारी पहाटे आहे. तेव्हा तुझं उत्तर, बंद पाकिटात, तिच्या हातात, गुरुवार, २ मे रोजी संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत.

पाकिटावर माझं नाव लिही, रस्ता लिही, शहर लिही. शहराखाली काय लिहायचं ते तुला ठाऊक आहे. मी आधी ती जागा बघेन, पाकीट मग उघडेन.

हेनरिएत